काकांची क्लिप आणि पासष्ट-बी

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी काकांचा फोन आला. मी ऑफिसात होतो, दोनदा कट केला, तिसऱ्यांदा उचलला. काका शेतीचं बोलतील, पावसाचं विचारतील, असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बापू, तुमच्या कंपनीत ते कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट भेटते का रे?"

कसलं सर्टिफिकेट हे कळायला मला दहा मिनिटं लागली. आमचं गाव देऊळगाव राजा तालुक्यात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला. शेजारच्या शेतकऱ्याने जेसीबी लावून सामाईक बांध कोरला होता. काका योगायोगाने तिथेच होते. त्यांनी फोन काढून अडीच मिनिटांचा व्हिडिओ घेतला. त्यात जेसीबी दिसतो, शेजारी दिसतो, "तुह्याच्यानं होईल ते करून घे" हे त्याचं वाक्यही स्वच्छ ऐकू येतं. काकांनी ती क्लिप आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि तीन आठवड्यांनी त्यांचा फोन पाइपलाइनच्या खड्ड्यात पडला.

वकीलसाहेबांनी क्लिप पाहिली आणि सांगितलं, "पुरावा चांगला आहे, पण मूळ फोन आणा. नाहीतर पासष्ट-बी लागेल."

काकांचं म्हणणं साधं होतं. व्हिडिओ खरा आहे, त्यांनी स्वतः काढलाय, अख्ख्या गावाने पाहिलाय. मग कागद कशाला? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. आपल्या पिढीला एकूणच असं वाटतं की कोर्ट म्हणजे लाल फडक्यात बांधलेल्या फायली, त्यांना पेनड्राइव्हची भीती वाटते. मी काकांना म्हणालो, "थांबा, मी बघतो," आणि त्या रात्री इंजिनीअर जे करतो ते केलं. क्लिपच्या मिळतील तेवढ्या कॉपी जमवल्या. एक ग्रुपवरची, एक चुलतभावाने स्टेटसला ठेवलेली, एक त्याच्या मित्राने स्क्रीन रेकॉर्ड करून परत पाठवलेली. तिन्हींचा हॅश काढला.

हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाईल कितीही मोठी असो, एसएचए-२५६ नावाची गणिती पद्धत तिच्यातून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढते. फाईलमधला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ती ओळ पार बदलते. माझ्याकडच्या तिन्ही कॉपींचे तीन वेगळे हॅश आले. साहजिक होतं. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतं, कधी कुठे काढला ही माहिती गाळून टाकतं. स्टेटसवर तर तो कापलाच होता. डोळ्यांना तिन्ही व्हिडिओ तेच दिसतात. पण यंत्राच्या हिशेबाने त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि चौथी, म्हणजे खरी, पाण्यात गेलेल्या फोनमध्ये आहे.

मग मी वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की ज्या निकालामुळे काका अडलेत तो दिल्लीत लागला असला तरी त्याचं भांडण आमच्या घरापासून तासाभराच्या आत, जालन्यात सुरू झालं होतं.

जालना आमच्यासाठी फार जवळचं आहे. माल विकायला, दवाखान्याला, लग्नाच्या कपड्यांना आमची माणसं बुलढाण्याला जात नाहीत, जालन्याला जातात. मध्ये फक्त जुनी हद्द आहे, अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. त्या हद्दीमुळे आजही जालन्याचं अपील औरंगाबाद खंडपीठात जातं आणि आमचं चारशे किलोमीटरवरच्या नागपुरात. असो.

सप्टेंबर २०१४. विधानसभेची निवडणूक. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी शिवसेना-भाजपची युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. अर्ज भरायची शेवटची तारीख २७ सप्टेंबर, वेळ दुपारी तीन. म्हणजे राज्यभर उमेदवारांना दोन दिवसांत पक्ष, तिकीट, कागद सगळं जुळवायचं होतं. जालना मतदारसंघात शिवसेनेचे अर्जुन खोतकर निवडून आले, ४५,०७८ मतांनी. काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मतं. फरक फक्त २९६. गोरंट्याल हायकोर्टात गेले आणि म्हणाले की खोतकरांचा अर्ज मुळात तीन वाजल्यानंतर दाखल झाला, तो स्वीकारायलाच नको होता. विजय चौधरी यांचीही तशीच दुसरी याचिका होती.

आता तीन वाजले होते की नव्हते, हे सांगणार कोण? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे होते. सरकारनेच लावलेले. त्या रेकॉर्डिंगच्या सीडी होत्या. सरळ लावून बघा, प्रश्न संपला, असं तुम्हाला वाटेल. पण बरोबर नऊ दिवस आधी, १८ सप्टेंबर २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका निवडणूक खटल्यात (अन्वर विरुद्ध बशीर) ठरवून टाकलं होतं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची कॉपी पुराव्यात द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-बीचं प्रमाणपत्र हवंच. ज्याच्या ताब्यात ते यंत्र होतं त्याने सही करून सांगायचं की हे याच यंत्रातून निघालंय आणि तेव्हा यंत्र नीट चालत होतं. त्या केरळच्या खटल्यात प्रमाणपत्र नव्हतं, सीडी बाद झाल्या आणि याचिकाही पडली.

जालन्यात यंत्र कोणाच्या ताब्यात होतं? अधिकाऱ्यांच्या. ज्यांच्या कामावरच संशय घेतला होता त्यांच्याकडेच प्रमाणपत्र मागायचं. गोरंट्याल यांनी मागितलं, पुन्हा मागितलं, हायकोर्टाने मूळ रेकॉर्डिंग हजर करायला सांगितलं. सीडी आल्या, प्रमाणपत्र आलं नाही. शेवटी हायकोर्टाने एक वाट काढली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उलटतपासणीत रेकॉर्डिंग कसं झालं, कुठे ठेवलं हे सांगितलं होतं, ती साक्ष लिहून घेतली होती, खाली सही होती. हायकोर्ट म्हणालं, कायद्याला जे हवं ते यात आलं. २४ नोव्हेंबर २०१७ ला निवड रद्द झाली. दोन आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली.

हा तिढा तोवर नुसता जालन्याचा राहिला नव्हता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका पीठाने म्हटलं होतं की ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला प्रमाणपत्राची सक्ती करू नये. म्हणजे वरच्या कोर्टाचे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध. देशभरातल्या तालुका कोर्टांत ज्याला जो सोयीचा तो निकाल दाखवला जाऊ लागला. म्हणून जालन्याचं प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायमूर्ती नरिमन, भट आणि रामसुब्रमण्यन यांनी निकाल दिला. कॉपी दाखवायची तर प्रमाणपत्र सक्तीचं, तोंडी साक्ष त्याच्या जागी चालणार नाही. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि मालकाने पिंजऱ्यात उभं राहून 'हे माझं' असं सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि माणसाने हात टेकेपर्यंत सगळं करून पाहिलं, तरी ज्याच्या हातात प्रमाणपत्र आहे तो देतच नसेल, तर कायदा अशक्य गोष्ट करायला लावत नाही. गोरंट्याल यांनी सगळं करून पाहिलं होतं. शिवाय सीडी बाजूला ठेवल्या तरी बाकीचा पुरावा पुरेसा होता. खोतकरांचं अपील फेटाळलं, दोन्ही याचिकाकर्त्यांना एकेक लाख रुपये खर्च द्यायला सांगितलं.

तोवर त्या विधानसभेची मुदत संपून आठ महिने झाले होते. २०१९ च्या निवडणुकीत गोरंट्याल निवडूनही आले होते. (२०२४ मध्ये पुन्हा खोतकर. जालन्याचं राजकारण वेगळा विषय आहे.) राजकारणातला एक वजनदार माणूस, हाताशी हायकोर्टातले वकील, वर हायकोर्टाचा आदेश, आणि तरी सरकारी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी एक सही मिळाली नाही. मग माझ्या काकांनी ती कोणाकडे मागायची?

इथे मी थोडा उलटा गेलो. ही सहीची अट आली कुठून? ६५-बी हे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर १७ ऑक्टोबर २००० ला आलं. त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यातला. गंमत म्हणजे इंग्लंडने स्वतः १९९५ मध्ये ती तरतूद काढून टाकली होती. आपण पाच वर्षांनी तिचाच साचा घेतला. इंजिनीअर म्हणून मला हसू आलं, कारण दुसऱ्याने टाकून दिलेली लायब्ररी प्रोजेक्टमध्ये घेणं हे आमच्या धंद्यातही रोजचं आहे.

पण हसू फार टिकलं नाही. इंग्लंडने फौजदारी खटल्यांतलीही कॉम्प्युटर नीट चालत होता हे सिद्ध करायची अट काढली, तेव्हा उलट गृहीत धरलं जाऊ लागलं की यंत्र बरोबरच असतं. त्याच काळात तिथल्या पोस्ट ऑफिसांत होरायझन नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात बग होते. हिशेबात नसलेली तूट दिसायची आणि गावागावातल्या पोस्ट चालवणाऱ्या माणसांवर चोरीचे खटले व्हायचे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली. काही तुरुंगात गेली. २०१९ मध्ये कोर्टाने मान्य केलं की सॉफ्टवेअर भरवशाचं नव्हतं, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मी रोज कोड लिहितो. त्यात बग असतात, हे मला माझ्या आडनावाइतकं नक्की माहीत आहे. तरी स्क्रीनवर आलेला आकडा मी स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा तपासत नाही.

आपल्याकडे यंत्राच्या साक्षीची गोष्ट मुंबईत आणखी आधी सुरू झालेली दिसते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेला एक खटला मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला देऊ केलेल्या शंभर रुपयांच्या लाचेचा आहे. पोलिसांनी कारकुनाच्या घरात माइक लपवला आणि टेपरेकॉर्डर दुसऱ्या खोलीत ठेवला. न्यायमूर्तींनी टेप मान्य केली, पण एक गोष्ट त्यांना खटकली. टेप सीलबंद केलेली नव्हती, ती पोलीस अधिकाऱ्याकडेच पडून होती. टेप पुसून पुन्हा भरता येते, तेव्हा सील करायला हवी होती, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या कॉरोनरच्या लाच प्रकरणात, म्हणजे मलकानी खटल्यात, फोनवरचं रेकॉर्डिंग मान्य करताना कसोट्या स्पष्ट झाल्या: संभाषण विषयाला धरून हवं, आवाज कोणाचा ते ओळखता यायला हवं, टेपमध्ये खाडाखोड झाली नाही याची खात्री हवी. २००३ मध्ये प्रफुल्ल देसाई खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष मुंबईत व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला परवानगी मिळाली. आपण लॉकडाउनमध्ये जे सगळीकडे पाहिलं, त्याचं एक मूळ तिथे आहे.

आणि त्याच्याही मागे? इतिहासात मला शाळेत कधी रस नव्हता. पण वि. त्र्यं. गुणे यांचं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचं १९५३ चं इंग्रजी पुस्तक हाती लागलं आणि एक रविवार त्यातच गेला. वतनाचं, बांधाचं, पाटीलकीचं भांडण गोतसभेपुढे यायचं. कागदपत्रं आणि साक्षी बघायचे, त्यानेही निर्णय झाला नाही तर दिव्य, म्हणजे तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावणं वगैरे. निकाल झाला की महजर लिहायचे. हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात यायचं. लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे त्याच्या कामाची खूण यायची. पाटलाची, कुणब्याची निशाणी नांगर.

जुन्या सरकारी कागदांमधली आणखी एक गोष्ट पाहून मी अक्षरशः उठून बसलो. मोडी पत्राचा कागद लांबलचक, तुकडे एकमेकांना चिकटवलेले. मधला एखादा तुकडा कोणी बदलू नये म्हणून पाठीमागे जोडावर शिक्का मारायचे. अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या. आणि मजकूर संपला की शेवटी मर्यादेचा शिक्का, म्हणजे याच्या खाली कोणी काही लिहिलं तर ते आमचं नाही. हे आम्ही आजही करतो. एका नोंदीचा हॅश पुढच्या नोंदीत अडकवतो, म्हणजे मधली एक बदलली की पुढची सगळी साखळी खोटी पडते. मला वाटत होतं ही माझ्या पिढीची अक्कल आहे.

मात्र महजरात एक गोष्ट होती जी हॅशमध्ये नाही. शिक्का सांगायचा की कागद बदलला नाही. तो मुळात कसा झाला, हे सांगायला खाली नांगराच्या निशाण्या होत्या, म्हणजे माणसं होती, जी त्या दिवशी तिथे बसलेली होती. हॅशचंही तेच आहे. खोट्या व्हिडिओचाही अगदी पक्का हॅश निघतो. तो इतकंच सांगतो की हॅश काढल्यापासून फाईल तीच आहे. त्याआधी काय झालं, ते माणसानेच सांगायचं.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. १८७२ चा पुरावा कायदा गेला, भारतीय साक्ष अधिनियम आला. वकील मात्र अजून 'पासष्ट-बी'च म्हणतात, जसं आपण अजून 'झेरॉक्स' म्हणतो. नवं कलम ६३. प्रमाणपत्राचा छापील नमुना कायद्यालाच जोडलाय आणि त्यात हॅशचा रकाना आहे. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. हॅशसाठी पर्याय दिलेत: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५, इतर. इथे मात्र मला राग आला. एमडी-५ फोडता येतो हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. एसएचए-१ चं २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी, एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून. २०२३ मध्ये लिहिलेल्या कायद्यात ते दोन्ही चौकटीत छापलेत. माझ्या कोड रिव्ह्यूत हे पास झालं नसतं.

पोलिसांसाठी ई-साक्ष्य हे ॲप आलं. झडती, जप्ती, घटनास्थळ याचं चित्रीकरण अधिकारी मोबाईलवर करतो, जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, फाईल सरकारी क्लाउडवर जाते आणि तिथून कोर्टापुढे येते. शेवटी अधिकाऱ्याने स्वतःचा सेल्फी जोडायचा. ते वाचून मला निशाणी नांगरच आठवला. ही व्यवस्था मला मनापासून चांगली वाटते. जप्तीच्या क्षणीच फाईल अधिकाऱ्याच्या हातून निघून जाते, १९६७ च्या टेपसारखी कपाटात पडून राहत नाही.

पण ते पोलिसांसाठी. काकांचा दावा दिवाणी. त्यांनी व्हिडिओ काढला त्या क्षणी कोणतंही क्लाउड तो जपायला बसलेलं नव्हतं. नव्या कायद्यात योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद मूळ पुरावा मानायची सोय आहे, पण समोरच्याने त्यावर वाद घातला नाही तर. बांधाच्या भांडणात वाद न घालणारा समोरचा मी अजून पाहिलेला नाही. भाग 'ब' साठी तज्ज्ञ हवा. देऊळगाव राजात कापसाचा तज्ज्ञ प्रत्येक पारावर सापडेल, हॅश काढून सही करणारा कुठे शोधायचा? काका मला म्हणाले, "तू इंजिनीअर हायेस, तूच कर ना सही." मी म्हणालो, "काका, मी तुमचा पुतण्या आहे. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल."

क्लाउड बॅकअप असेल म्हणून मी काकांचं गूगल खातं शोधलं. ते चुलतभावाने स्वतःच्या जुन्या नंबरवर काढून दिलं होतं, तो नंबर बंद झालाय, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. ते उघडलं असतं आणि बॅकअप कमी दर्जाचा निघाला असता, तर तीही पुन्हा दाबलेली पाचवी कॉपीच.

म्हणून मी दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो बुडालेला फोन मागितला. काकूने तो फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला होता, सहा महिने. मी आणि काका तो घेऊन एका मोबाईल रिपेअरच्या दुकानात गेलो. पोराने मागचं झाकण उघडलं, बोर्ड बघितला आणि म्हणाला, "चालू होईल भाऊ, पण फॉर्मॅट माराव लागंल." काका खुशीत "मार" म्हणणार तोच मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

तो आता माझ्याकडे पुण्यात आहे. बोर्डवरून डेटा काढणाऱ्या एकाशी बोलणं झालंय, तो खात्री देत नाही. वकीलसाहेबांनी सांगितलंय की फोन कोणाकोणाच्या हातातून गेला ते तारखेनिशी लिहून ठेवा. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: काका, मग काकूचा तांदळाचा डबा, मग मी. खाली काकांना सही करायला लावली. त्यांनी विचारलं, "दुकानवाल्या पोराचं नाव नाही लिहिलं?" त्याच्या हातात फोन पाच मिनिटं होता. मी तेही लिहिलं.